कहर केला म्हणजे नेमकं काय केलं?

नेर,
शनिवार, गाईची धार काढून झाल्यावर

आदरणीय शामभाऊ,

नेरवरून नानाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. वहिनींना नमस्कार, सूनबाईंना आशीर्वाद आणि तुमच्या नातीला माझ्यातर्फे एक गालगुच्चा (हळू घ्या, मागच्या वेळी ती रडली आणि नाव माझं झालं). तुमचा गुडघा काय म्हणतो? नाशिकच्या थंडीत कुरकुरत असेल. त्याला म्हणावं, इकडे ये, आमच्याकडे दुपारचं ऊन पाठ शेकायला अजून फुकट मिळतं. आम्ही सगळे मजेत आहोत. कापसाची दुसरी वेचणी चालू आहे, तुरीला शेंगा धरल्या, कपिली व्याली, कालवड झाली. तुमच्या भगिनी शकुबाईंची प्रकृती ठणठणीत आहे, हे मला रोज सकाळी पाच वाजता आवाजावरून कळतं.

फोन सोडून पत्र का लिहितो, असं तुम्हाला वाटेल. त्याचं असं, की ही हकिकत मी फोनवर सांगायला घेतली की शकुबाई मधेच फोन हिसकावतात आणि शेवट आधी सांगून टाकतात. पत्रात त्यांना मधे बोलता येत नाही. तेव्हा बैठक मारून, चष्मा पुसून, शांतपणे वाचा.

तुम्हाला माहीतच आहे की आपल्या निकितासाठी पुसदचं स्थळ आलं. स्थळ आलं म्हणजे तिनंच आणलं. ती पुसदला ज्युनिअर कॉलेजात शिकवते आणि हा रजत तिथंच गुरांचा डॉक्टर. मुलगा मला पहिल्या भेटीतच आवडला. आमच्या गोऱ्ह्यानं त्याच्या पायावर पाय दिला तरी त्यानं आधी गोऱ्ह्याचाच खूर तपासला. त्याचे वडील देवमनराव वनखात्यातून रिटायर झाले. उभी हयात उमरखेडकडच्या जंगलात गेली, त्यामुळे माणसाला बोलायची सवय कमी. तुम्ही दहा वाक्यं बोला, ते एकदा मान हलवतील. तर ठरलं असं, की साक्षगंधाची (तुमच्याकडच्या साखरपुड्याची) तारीख धरायच्या आधी दोन्ही घरांनी एकदा सोबत जेवावं, आणि हॉटेलात बसण्यापेक्षा मागच्या रविवारी आमच्या वावरात गोवऱ्यांवर भाजलेले रोडगे करावे.

आता रोडगे म्हटल्यावर मी काय घरात बसणार? आठवडाभर आधी गोवऱ्या निवडल्या. गहू स्वतः उभा राहून दळून आणला (गिरणीवाला म्हणाला, नानाजी, तुम्ही दळता का मी दळू). वांगी आपल्याच वावरातली, काटेरी, सकाळी दव असताना तोडलेली. आणि देवमनरावांची म्हातारी आई सोबत येणार, तिला रस्त्यापासून वावराच्या धुऱ्यापर्यंत (तुमच्याकडचा बांध) चालवणार नाही असं कळलं, तेव्हा मी छकडा काढला. बैल धुतले, शिंगं रंगवली, छकड्यात नवी गादी टाकली, वर शकुबाईंची चांगली चादर टाकली (ती कोणती चादर होती यावर अजून घरात चर्चा आहे), लोड लावले, आणि म्हातारीला उचलून आत बसवलं. स्वतः कासरा धरला. म्हातारी वावरभर एक चक्कर मारून आली, मग म्हणाली अजून एक मार. मारली.

मग पंगत बसली. शामभाऊ, आग्रह ही माझी कमजोरी आहे हे मी मान्य करतो. पाहुण्यानं नको म्हटलं की मला ते लाजून म्हणतो असं वाटतं. देवमनरावांनी मान वळवली की मी ताटात एक रोडगा सोडत होतो. त्यांनी इकडे पाहिलं की तिकडून वांग्याची भाजी. तूप वाढायला चमचा शोभत नाही म्हणून लोटा घेतला. शेवटी त्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. आता तुम्हीच सांगा, लोटा कललेला, तुपाची धार सुटलेली, ती काय परत वर जाते? मी ती हातांवरच सोडली. म्हटलं, हातांवरून खाली ताटातच जाईल, जाते कुठं.

देवमनरावांनी हात पुसले. मग कपाळ पुसलं. मग डोळे, मग नाक. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, तिकडे बाभळीखाली उभ्या छकड्याकडे पाहिलं आणि मान हलवून म्हणाले, "नानाजी, तुम्ही तं कहरच केला बाप्पा."

एवढंच. मग पाणी प्यायले. मग पुन्हा पाणी प्यायले. थोड्या वेळानं सगळे जीपमध्ये बसून पुसदला गेले.

मी मात्र तिथंच धुऱ्यावर बसून राहिलो. कहर! माझ्या आयुष्यात कहर कोणी कोणी केला ते मी आठवायला लागलो. रानडुकरांनी केला, दोन वर्षांमागे, भुईमुगात. गुलाबी बोंडअळीनं केला. मे महिन्यातल्या उन्हानं दरवर्षी केला. त्या मोकाट सांडानं केला, जो बाजाराच्या दिवशी कपड्याच्या दुकानात शिरला आणि गळ्यात लुगडं घालून बाहेर आला. माकडांनी तर इतका केला, की तुरीच्या वावरात मी त्यांना हात जोडले होते. या सगळ्या मंडळींत माणूस एकही नव्हता. पहिला माणूस मी. होणारे व्याही मला डुकरं, अळी आणि सांडाच्या रांगेत बसवून गेले, आणि तेही माझ्याच वावरात, माझंच तूप हाताला लागलेलं असताना.

शकुबाईंना बोललो तर म्हणाल्या, "पोटभर जेवले ना ते? मंग झालं. शब्द कायले चघळून राह्यले? सुपारी चघळा." आता ज्या बाईला नवऱ्याच्या अपमानापेक्षा सुपारी मोठी वाटते तिच्याशी काय बोलणार? (ती तुमचीच बहीण आहे, मी अधिक लिहीत नाही.) मी गप्प झालो. पुसदवरून साक्षगंधाच्या तारखेसाठी फोन आला तर मी सांगितलं, पंचांग सापडत नाही. दुसऱ्यांदा आला तर म्हटलं, पंचांग सापडलं पण चष्मा सापडत नाही. निकिताचा रोज संध्याकाळी फोन येतो. त्यावर मी हं, हं, बरं, ठेवतो, एवढंच बोलत होतो. पोरीला उगाच कशाला सांगा, की तुझ्या होणाऱ्या सासऱ्यानं तुझ्या बापाला अळी म्हटलं.

शेवटी बशीरभाईकडे गेलो. बशीर म्हणजे आपला मोटारपंपवाला, माझा लहानपणापासूनचा दोस्त, तुम्ही त्याला ओळखता. निकिताच्या बारशाला यानंच लाऊडस्पीकर आणला होता आणि तो बंदच पडला होता. म्हटलं, शब्द मूळ तुमच्या उर्दूतला, तूच सांग कहर म्हणजे काय. त्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले, आणि चेहरा असा गंभीर केला की मला वाटलं कोणी गेलं.

"नानाजी," तो म्हणाला, "कहर तं उपरवाल्याचा असते. त्याचा गुस्सा. पूर येते, भूकंप येते, त्याले कहर म्हणते. माणसाले कोणी असं बोलत नाही भाऊ. ही तं लय मोठी गोष्ट झाली."

म्हणजे मी डुकरांच्या रांगेतून थेट भूकंपाच्या रांगेत गेलो. समजूत घालून घ्यायला गेलो होतो, तिथं आग आणखी भडकली. आणि बशीरचा स्वभाव असा, की दोस्ताचा अपमान झाला की तो दोस्तापेक्षा जास्त चिडतो. म्हणाला, चाल, पुसदला जाऊ, तोंडावर विचारू. तेवढ्यात आतून रहमतबी चहा घेऊन आल्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "याइचं ऐकू नका भाऊजी. माह्या निकाहच्या दिवशी याइच्या खालानं मले पाहून म्हटलं होतं, दुल्हन तो कहर ढा रही है. मंग मी काय भूकंप होती?" बशीर काहीतरी बोलायला गेला, पण बायकोकडे पाहून त्यानं चहा प्यायला. मी विचार केला, एकाच घरात एका शब्दाचे दोन अर्थ निघतात, तर खरा अर्थ ज्यानं शब्द काढला त्यालाच विचारावा.

तर गुरुवारी सकाळी मी आणि बशीर निघालो. शकुबाईंना सांगितलं, पंपाचा भाग आणायला दारव्ह्याला चाललो. (खोटं बोललो असं म्हणू नका. पुसदची बस दारव्ह्यावरूनच जाते.) बसमध्ये बशीरला राहवेना. त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला विचारलं, बाबा, जेवताना पाहुणा म्हणाला कहर केला, तर ते चांगलं का वाईट? म्हाताऱ्यानं विचारलं, पाहुण्यानं दुसऱ्यांदा वाढून घेतलं का? मी म्हटलं, घेतलं नाही, मीच वाढलं. म्हातारा म्हणाला, मंग वाईट. मागच्या सीटवरची बाई म्हणाली, असं कसं वाईट, आमच्याकडे जावयानं पुरणपोळीले कहर म्हटलं होतं आणि पाच खाल्ल्या. कॉलेजात जाणारी एक मुलगी मोबाईल काढून पुढे आली. तिच्या मैत्रिणीनं नव्या ड्रेसमध्ये फोटो टाकला होता आणि खाली सगळ्या पोरींनी लिहिलं होतं, कहर, कहर, कहर. "काका, हे सगळ्यात मोठं कौतुक असते," ती म्हणाली. यावर दिग्रसचा एक पागोटेवाला उठून उभा राहिला आणि म्हणाला, यानंच तर भाषा बिघडली, कहर म्हणजे हद्द सोडणं, आणि हद्द सोडली, मग ती धुऱ्याची असो की तोंडाची, की भांडण होतंच.

झालं. बसचे दोन भाग झाले. डावीकडचे कौतुकवाले, उजवीकडचे अपमानवाले. कंडक्टर तिकिटं थांबवून मधे उभा, आधी म्हणाला मी कोणाचाच नाही, आणि मग उजवीकडे जाऊन बसला. कोणी विचारलं तूप किती होतं, कोणी विचारलं हात पोळले का. बशीर भूकंप सोडायला तयार नव्हता. आवाज इतका चढला की ड्रायव्हरनं बस कडेला घेतली, मागे वळून म्हणाला, "आता कहर झाला बरं! चूप बसता का उतरता?" मग डावीकडून एकजण हळूच म्हणाला, हा मात्र वाईट अर्थानं होता. आणि शामभाऊ, ज्याच्या अपमानावरून हे सारं चाललं होतं तो मी, सगळ्यांत मोठ्यानं हसलो. चार दिवसांत पहिल्यांदा.

पुसदला पोचलो. दार विहीणबाईंनी उघडलं. मी रस्ताभर तोंडपाठ केलेलं वाक्य काढलं, की ताई, देवमनराव घरी आहेत का, मला त्यांना एक शब्द विचारायचा आहे. त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. "ते तं सकाळीच नेरले गेले," म्हणाल्या. "तुमच्याकडंच. मले तं वाटलं तुम्ही तिथंच भेटान त्याइले."

बसा म्हणाल्या, पाणी दिलं, आणि नवऱ्याला फोन लावला. आवाज मोठा ठेवला, म्हणजे आम्हालाही ऐकू यावं. पलीकडून देवमनरावांचा आवाज आला, आणि त्यांच्या मागून आमच्या कपिलीचं हंबरणं. म्हणजे माणूस माझ्याच ओसरीत बसला होता.

"पोचले का?" विहीणबाईंनी विचारलं.

"पोचलो. नानाजी नाही घरी. दारव्ह्याले गेले म्हणते."

"ते माह्यापुढं बसले हायत."

मग आवाज आला तो शकुबाईंचा. "अहो, दारव्हा पुसदले कधी नेलं?"

मी फोन हातात घेतला. दोन म्हातारे, एक पुसदला, एक नेरला, एकमेकांच्या घरात फोन कानाला लावून. शेवटी मीच विचारलं, की देवमनराव, तुम्ही नेरला कशाला गेले?

"माफी मागाले," ते म्हणाले. "आमच्या हिनं मले घरी आल्यावर झापलं. म्हणे, जेवू घातलेल्या माणसाले कहर केला म्हणते का कोणी? तुमचं तोंड उतरलं होतं म्हणे. मले तं दिसलंच नाही. मंग तुम्ही तारीख द्याले टाळून राह्यले, तवा मले बी समजलं."

मी म्हटलं, माफीचं नंतर पाहू. आधी मला एवढंच सांगा, कहर म्हणजे तुमच्या मनात काय होतं?

"म्हणजे... जास्तच झालं."

"चांगलं जास्त का वाईट जास्त?"

शामभाऊ, ते विचार करत होते. घाई करून भलतं उत्तर देणारा माणूस नाही तो. विहीणबाईंनी पदर तोंडात धरला होता. बशीर खुर्चीच्या टोकावर आला होता.

"भाजी," देवमनराव म्हणाले, "वाईट जास्त. तिखट लय होतं. दोन दिवस मी कोणाशी बोललोच नाही. बाकी सारं चांगलं जास्त."

मग ते थांबले, आणि मला वाटलं संपलं. पण त्या दिवशी ते बोलले. मी तुम्हाला शब्दाला शब्द लिहितो, कारण तसं मला नटवून लिहिता येणार नाही. म्हणाले, "माह्या मायले आजवर कोणी असं छकड्यात बसवून फिरवलं नाही. मी बी नाही. घरी येऊन ती तेच सांगून राह्यली, येईन त्याले सांगून राह्यली. जंगलात वाघ दिसला तं काय करायचं, काय बोलायचं, ते मले माहीत हाय. पण असं काही पायलं तं काय बोलायचं ते मले येत नाही. तोंडात जो शब्द आला तो बोललो."

मी फोन खाली धरला. माझ्या डोळ्यांना काहीतरी झालं (भाजीचं तिखट नव्हे). आतल्या खोलीतून म्हातारी काठी टेकत आली आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "मले कोणी इचारलं का? भाजी मस्त होती. ह्याचीच जीभ पातळ हाय." आणि बशीरनं दोन्ही हात वर करून मोठ्यानं म्हटलं, "चला, कहर टळला!" म्हणजे भूकंपवाला अर्थ यानं शेवटपर्यंत सोडला नाही.

इथं हकिकत संपली असती तर मी तुम्हाला पोस्टकार्डावर लिहिलं असतं. पण तेवढ्यात दारात निकिता उभी. मागे रजत, अंगाला जनावरांच्या औषधाचा वास, हातातले मोजे काढायचेही विसरलेला. त्याच्या आईनं त्याला कळवलं, त्यानं निकिताला कळवलं, आणि पोरगी तास सोडून धावत आली होती. मला वाटलं हसेल. ती हसली नाही.

"बाबा," ती म्हणाली, "रविवारपासून तुम्ही माह्याशी नीट बोलले नाही. तारीख देत नाही. मले वाटलं, रजत तुम्हाले पसंत नाही आणि मले कसं सांगू म्हणून तुम्ही चूप हाय. मी काल याले सांगून आली, बाबाचं मन नसन तं आपण थांबू."

शामभाऊ, मी शब्दावर शब्द घासत बसलो होतो, बसभर मतं गोळा करत होतो, आणि माझी पोरगी इकडे एकटीनं माझ्या न बोलण्याचा अर्थ लावत होती. आणि लावला तोही असा. मी उठलो. म्हटलं, तुला कोणी सांगितलं मला पसंत नाही? मला तर हा पोरगा तेव्हाच पसंत पडला, गोऱ्ह्याच्या वेळी. "मंग सांगायचं ना!" ती म्हणाली, आणि तेव्हा कुठं हसली, आणि हसता हसता रडली, आणि मीही तेच उलट्या क्रमानं केलं. रजत बिचारा मोजे घातलेल्या हातांनी माझ्या पाया पडायला वाकला. मी म्हटलं, आधी ते काढ.

मग विहीणबाईंनी ज्वारीच्या भाकरी आणि झुणका केला, आम्ही जेवलो. नेरला देवमनराव शकुबाईंच्या हातचं जेवले (भाजी फिकी केली होती, असं त्यांनी फोनवर मुद्दाम कळवलं). दोन्ही घरी जेवणं चालू असतानाच फोनवरून तारीख धरली. साक्षगंध पौष लागायच्या आधी, लग्न माघात, नेरला, आपल्या वावरात मांडव टाकून. हो म्हणणारे मी आणि शकुबाई. हं म्हणणारे देवमनराव. ते हं मी होकार धरलं.

परतीच्या बसला तोच कंडक्टर. तिकीट फाडायच्या आधी म्हणाला, काय निघाला अर्थ? मी सांगितलं, भाजी सोडून चांगला. त्यानं सगळ्या बसला ओरडून सांगितलं. सकाळची दोनचार मंडळी परतत होती, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी त्यांना सगळ्यांना लग्नाला बोलावलं. ड्रायव्हरलाही.

तर असं आहे. वहिनींना सांगा, शालू घ्यायला नागपूरला जायचं तेव्हा त्यांना सोबत घेऊ. गुडघ्याला तीळतेल लावा. थोरामोठ्यांच्या आशीर्वादानं इकडे सर्व उत्तम आहे, आणि आता तर दुपटीनं उत्तम आहे.

तुमचा,
नानाजी इंगोले

ता. क. – पत्र ज्याच्यासाठी लिहायला घेतलं ते राहिलंच. लग्नात पंगती बसतील तेव्हा तुम्ही माझ्याजवळ उभं राहायचं. मामा म्हणून तुम्हाला दुसरी कामं असतील, ती आयुषला द्या, तुमच्या भाच्यालाही काही करू द्या. तुम्ही फक्त माझ्याजवळ. जेवून उठलेला माणूस मला काही बोलला, की तुम्ही माझ्या कानाशी येऊन सांगायचं, छान झालं म्हणतात. तुम्हाला अलीकडे ऐकू कमी येतं असं शकुबाई म्हणाल्या. त्याची काळजी करू नका. या कामाला ते सोयीचंच आहे.

ता. क. दुसरा – आग्रह मी सोडला. यापुढे पाहुण्यानं एकदा नको म्हटलं की नको. फार तर दोनदा.

(इथून पुढं अक्षर माझं आहे, शकूचं.)

दादा, हे पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आणि हे वेचणीवर गेले, म्हणून वाचलं. लिहिलं ते सारं खरं हाय, थोडं वाढवून. पण एक लिहिलं नाही ते मी सांगते. त्या शब्दाचं एवढं काही नव्हतं रे. निकिताचं ठरत आलं तेव्हापासून हा माणूस भांडायला काहीतरी शोधून राह्यला. आधी मांडववाल्याशी भांडले, तो "उरकून टाकू" म्हणाला म्हणून. मग भटजीशी, ते "कन्यादान" म्हणाले म्हणून; म्हणे माह्या पोरीले दान कायले म्हणता. कोणी बोललं नाही तर कपिलीशी बोलतात. रात्री जेवताना निकिताचं ताट मांडतात, ती पुसदला आहे हे ठाऊक असून. मी काही म्हणत नाही. मी ते ताट उचलून ठेवते.

तू लग्नाच्या दोन दिवस आधी येणार म्हणून कळवलं होतं. तसं करू नको. साक्षगंधालाच ये आणि राह्य. वहिनीला पण आण. याइच्यासोबत वावरात फिर, पत्ते खेळ, चार गोष्टी कर, म्हणजे याइचा जीव रमेल. याइनं बोलावलं म्हणून आलो असंच सांग, मी लिहिलं ते सांगू नको.

आणि आल्यावर जेवू घालतील. जेवण कसं झालं विचारतील, दहादा विचारतील. "बरं झालं" म्हण, आणि लगेच हात धुवायला जा.

तुझी,
शकू